आधी भैरवी, मग मैफल

2025 च्या जानेवारीत गार्थ हडसन वारले आणि ‘द बँड’ या रॉक संगीताच्या गटातल्या पाच जणांपैकी शेवटचा माणूसही गेला. ही बातमी वाचून बेळगावात हळहळणारे आम्ही किती जण असू, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. मला मात्र त्या संध्याकाळी कपाटाच्या वरच्या खणातून एक जुनी व्हीएचएस कॅसेट काढावीशी वाटली. ती आता कोणत्याच यंत्रात चालत नाही, कारण बेळगावच्या पावसाळ्यांनी तिच्या फितीवर पांढरी बुरशी धरवली आहे. त्या कॅसेटचा हडसन यांच्याशी काही संबंध नाही. तिच्यावर आमच्या ऑर्केस्ट्राचा 1994 सालचा शेवटचा कार्यक्रम आहे. तरीही ‘द बँड’च्या निरोपाच्या कार्यक्रमावरचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट मी पहिल्यांदा त्याच्या पुढच्याच वर्षी पाहिला, आणि तेव्हापासून या दोन चित्रणांची माझ्या मनात अशी गाठ बसली आहे की एकाविषयी लिहायला घेतले की दुसरे आपोआप उलगडू लागते.

आधी चित्रपटाविषयी सांगतो. 25 नोव्हेंबर 1976 या दिवशी, म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड या सभागृहात ‘द बँड’ने आपला निरोपाचा कार्यक्रम केला. विंटरलँड पूर्वी बर्फावर स्केटिंग करण्याची जागा होती. 1969 साली या गटाने स्वतःच्या नावाने पहिला जाहीर कार्यक्रम याच ठिकाणी केला होता, म्हणून निरोपही तिथेच घ्यायचे ठरले. आयोजक बिल ग्रॅहम यांनी गाण्याआधी सुमारे पाच हजार प्रेक्षकांना टर्कीचे सणाचे जेवण वाढले, आणि जेवण चालू असताना वॉल्ट्झ वाजवणारा एक वाद्यवृंद बसवला. तिकीट 25 डॉलरचे होते, जे त्या काळी तिथल्या लोकांनाही महाग वाटले. आपल्याकडे महाप्रसादाची पंगत उठल्यावर भजन सुरू होते, तशातलाच हा प्रकार. फक्त पानात टर्की आणि भजनाला बॉब डिलन. वॉल्ट्झ म्हणजे तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर चालणारे जोडीचे नृत्य. आपल्या दादऱ्यावर ज्याचा हात बसला आहे त्याला तो झोका समजावून सांगावा लागत नाही.

गटातले पाच जण असे होते: गिटारवर रॉबी रॉबर्टसन, ड्रम्सवर लेव्हॉन हेल्म, बेसवर रिक डँको, पियानोवर रिचर्ड मॅन्युएल आणि ऑर्गनवर गार्थ हडसन. चौघे कॅनडाचे, एकटे हेल्म अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आर्कन्सॉचे. सुरुवातीला रॉनी हॉकिन्स नावाच्या गायकामागे ‘द हॉक्स’ म्हणून ते वाजवत असत. पुढे 1965-66 मध्ये, तोवर लोकगीतांच्या धाटणीने गाणाऱ्या डिलन यांच्या दौऱ्यात ते साथीला होते, आणि विजेच्या गिटारी पाहून चिडलेल्या श्रोत्यांचा आरडाओरडा त्यांनी गावोगाव सोसला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ एका गुलाबी घरात राहून त्यांनी जे संगीत बसवले, त्यातून 1968 सालची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. डोंगराळ भागातली गाणी, चर्चमधले गायन, काळ्या लोकांचे ब्लूज आणि जत्रेतला गलका हे सगळे त्यांच्याकडे एकाच चुलीवर शिजत असे. त्यातले तिघे मुख्य गायक होते, आणि कोणते गाणे कोणाच्या गळ्यात शोभेल हे त्यांना नेमके कळत असे.

हडसन यांची एक गोष्ट मला फार आवडते. घराणे सुशिक्षित, स्वतः पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकलेले. मुलगा बारमध्ये रॉक वाजवतो हे आईवडिलांना सांगायचे कसे? तेव्हा त्यांनी अट घातली की मी गटातल्या इतरांचा संगीतशिक्षक म्हणून येईन आणि प्रत्येकाने मला आठवड्याला दहा डॉलर फी द्यावी. हा किस्सा मी ऐकला तेव्हा मोठ्याने हसलो, कारण टिळकवाडीतल्या आमच्या घरी मी दोन वर्षे हार्मोनियमच्या क्लासला जात होतो आणि त्या क्लासची वेळ रात्री नऊ ते पहाटे तीन अशी होती. ‘ऑर्केस्ट्रात वाजवतो’ या शब्दांना तेव्हा आमच्याकडे जरा वास येत असे. ‘शिकतो’ म्हटले की चालत असे.

चित्रपट मार्टिन स्कॉर्सेसी यांचा, 1978 साली प्रदर्शित झालेला. त्यापूर्वीचे गाण्याच्या कार्यक्रमांचे माहितीपट बहुतेक हातात कॅमेरा धरून, मिळेल ते टिपत केलेले असत. स्कॉर्सेसी स्वतः ‘वुडस्टॉक’ या चित्रपटाच्या संकलनात होते, त्यामुळे त्या पद्धतीची ताकद आणि मर्यादा त्यांना दोन्ही ठाऊक होत्या. इथे त्यांनी सात कॅमेरे लावले, तेही कथापटासाठी वापरतात तसे 35 मिलिमीटरचे, आणि त्यांच्यामागे मायकेल चॅपमन, व्हिल्मोस झिग्मंड, लास्लो कोव्हाच यांच्यासारखे नावाजलेले छायालेखक उभे केले. प्रत्येक गाण्याचे शब्द लिहून, त्यासमोर कोणत्या ओळीवर कोणता दिवा आणि कोणता कॅमेरा हे नोंदवलेली सुमारे तीनशे पानांची संहिता तयार होती. अशा कॅमेऱ्यातले हजार फुटांचे रीळ अकराएक मिनिटांत संपते, म्हणून सातही कॅमेरे एकाच वेळी रिकामे होऊ नयेत याचे गणित मांडावे लागते आणि मधल्या काही गाण्यांवर पाणी सोडावे लागते. मागचे नेपथ्य सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑपेरा कंपनीकडून आणलेले, ‘ला त्राव्हियाता’ या संगीतिकेचे. वर झुंबरे, मागे भरजरी पडदे. संगीत नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांची सवय असलेल्या आमच्या डोळ्यांना यात काही खटकत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्या याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. राजवाड्याच्या पडद्यासमोर उभे राहून गाणे, हा आमच्या मुलखाचा जुना रिवाज आहे.

एवढी आखणी करूनही चित्रपटातला सर्वांत जिवंत भाग आखणी फसल्यामुळेच वाचला, हे मला फार गमतीचे वाटते. मडी वॉटर्स हे ब्लूजमधले वडीलधारे गायक रंगमंचावर आले तेव्हा रिळे बदलण्यासाठी कॅमेरे थांबवले गेले होते. एकट्या कोव्हाच यांनी सततच्या सूचनांना कंटाळून कानावरचा हेडफोन काढून ठेवला होता. थांबण्याचा हुकूम त्यांना ऐकूच गेला नाही, म्हणून त्यांचा कॅमेरा चालू राहिला आणि ‘मॅनिश बॉय’ हे गाणे टिकले. पडद्यावर ते पाहताना दृश्य फारसे तुटत नाही. म्हातारा एकाच ठिकाणी उभा राहून, मुठी आवळून, आपण पुरुष आहोत हे एकेक अक्षर सुटे करून सांगतो, मागे तीच एक लकेर पुन्हा पुन्हा फिरत राहते, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलायला तयार होत नाही. सात कॅमेरे चालू असते तर संकलकाला मोह आवरला नसता आणि हे गाणे तुकड्यातुकड्यांनी आपल्यासमोर आले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे. हेल्म यांनी पुढे लिहिले आहे की वेळ वाचवण्यासाठी मडी वॉटर्स यांना वगळण्याचे घाटत होते आणि आपण हट्ट धरला म्हणून ते आले.

आमच्या कार्यक्रमाच्या चित्रणाला एकच कॅमेरा होता. लग्नांची शूटिंग करणारा एक गृहस्थ आणि त्याच्यामागे वायर सांभाळत, डोळे दिपवणारी सनगन उंच धरलेला एक पोरगा. लग्नाच्या शूटिंगवाल्याला नवरदेव कोण हे एकदा समजले की बाकीचे सगळे वऱ्हाड. आमचे नवरदेव म्हणजे मास्तर. ते अ‍ॅकॉर्डियन वाजवत, निवेदन करत, कार्यक्रम ठरवत आणि पैसे वाटत. दीड तासाच्या चित्रणात मास्तर जवळजवळ सतत आहेत. कॅम्पातले अंकल बेस गिटार वाजवत, त्यांचा खांदा दिसतो. मी कॅसिओमागे कधी अर्धा, कधी पाऊण. आणि वडगावचे मामा, जे दिवसा माग चालवत आणि रात्री कोंगो वाजवत, त्यांचे फक्त हात. शूटिंगवाल्याला कोणीतरी सांगितले असावे की वाजवणाऱ्याचे हात चांगले दिसतात, म्हणून त्याने दोनतीनदा हात घेतले. तिथून कॅमेरा वर सरकू लागतो आणि छातीशी पोहोचला की पुन्हा मास्तरांकडे वळतो.

चित्रपटाची रचना मात्र अजब आहे. कोणत्याही मैफलीचा शेवट भैरवीने होतो आणि भैरवी सुरू झाली की मागच्या रांगेतला माणूस चपला शोधू लागतो. स्कॉर्सेसी भैरवीपासूनच सुरुवात करतात. चित्रपट मोठ्या आवाजात लावावा अशी पाटी आधी येते, मग रात्रीच्या कार्यक्रमातले अगदी शेवटचे, श्रोत्यांनी परत बोलावल्यावर वाजवलेले गाणे. दमलेले पाच जण घामेजल्या चेहऱ्यांनी परत येतात, तुम्ही अजून इथेच का, असे रॉबर्टसन विचारतात, आणखी एक वाजवतो आणि मग संपले, असे सांगतात. त्यानंतर पुढे जे काही दिसते त्या सगळ्यावर या संपण्याची सावली पडलेली असते. गाणी, मुलाखती, स्टुडिओत वेगळी चित्रित केलेली दृश्ये यांची सरमिसळ काळाचा क्रम न पाळता होते, आणि तरीही पाहणाऱ्याला कोठे चुकल्यासारखे वाटत नाही, कारण शेवट आधीच सांगून झालेला आहे.

त्याच सुरुवातीला आणखी एक छोटे दृश्य आहे. डँको पूल खेळत आहेत आणि खेळाचे नाव विचारल्यावर ‘कटथ्रोट’ असे सांगतात: आपले चेंडू टेबलावर राखायचे आणि इतरांचे घालवायचे. पहिल्या वेळी मी ते नुसते पाहिले. अंकलनी मात्र कॅसेट थांबवली, मागे नेली आणि पुन्हा दाखवली. “हे उगाच नाय घातलेलं,” ते म्हणाले. आखातातल्या भावाने पाठवलेली ती कॅसेट आणि कॅम्पातले ते बैठे कौलारू घर, खिडकीबाहेर मुसळधार पाऊस आणि दर वीस मिनिटांनी जाणारी वीज, अशा थाटात आम्ही तो चित्रपट पाहिला, त्यामुळे जवळजवळ दोन तासांच्या चित्रपटाला आमची पूर्ण दुपार लागली.

पाहुण्यांची यादी मोठी आहे: हॉकिन्स, डॉ. जॉन, नील यंग, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन, एरिक क्लॅप्टन, आणि शेवटी डिलन. डिलन यांनी तर कार्यक्रम चालू असतानाच आपले चित्रण नको असे कळवले होते, कारण त्यांचा स्वतःचा एक चित्रपट तयार होत होता. बरीच मनधरणी झाल्यावर शेवटच्या काही गाण्यांपुरती परवानगी मिळाली. सगळ्यांविषयी लिहीत बसलो तर हा लेख पाहुण्यांच्या सत्काराचा होईल. मला आवडणारी जागा क्लॅप्टन यांच्या गाण्यातली आहे. एकल वादन नुकतेच सुरू होते आणि त्यांच्या गिटारीचा पट्टा निसटतो. गिटार पडणार, ते सावरतात, आणि त्यांच्या तोंडून हाक निघते न निघते तोच रॉबर्टसन तीच ओळ पुढे उचलतात, इतक्या सफाईने की ताल एक मात्राही हलत नाही. ज्याने जत्रेतल्या फळकुटांच्या रंगमंचावर, ऐन गाण्यात माइक बंद पडलेला असताना वाजवले आहे, त्याला त्या दोन सेकंदांची किंमत कळते. सोळा वर्षे एकत्र वाजवल्याशिवाय ते येत नाही. ‘इट मेक्स नो डिफरन्स’ या गाण्यात डँको ज्या फाटलेल्या गळ्याने गातात आणि शेवटी हडसन ऑर्गन सोडून सॅक्सोफोन घेऊन पुढे येतात, ते मी आजवर किती वेळा पाहिले याचा हिशेब नाही. स्टेपल सिंगर्स या गायकांच्या गटासोबतचे ‘द वेट’ हे गाणे नंतर स्टुडिओत चित्रित झाले. त्याच्या अखेरीला मेव्हिस स्टेपल्स स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत, सुंदर असे पुटपुटतात, आणि ते खरोखरच तसे असते.

आता खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो. मुलाखतींत स्कॉर्सेसी स्वतः प्रश्न विचारतात आणि बहुतेक उत्तरे रॉबर्टसन देतात. ते देखणे आहेत, बोलायला वाकबगार आहेत, आणि चित्रपटाचे निर्मातेही तेच आहेत. रस्त्यावर सोळा वर्षे काढली, वीस वर्षांचा तर विचारही करवत नाही, हा रस्ता माणसे खातो, असे ते सांगतात आणि ते पटतेही. त्या पिढीतल्या कितीतरी संगीतकारांना त्या रस्त्याने खरोखरच खाल्ले होते. पण दौरे थांबवण्याची इच्छा पाचही जणांची सारखी नव्हती. हेल्म यांना थांबायचे नव्हते. 1993 साली आलेल्या आत्मचरित्रात त्यांनी या चित्रपटावर सडकून टीका केली: कॅमेरा सतत रॉबर्टसन यांच्यावर, जणू तेच गटाचे नायक; मॅन्युएल आणि हडसन जवळजवळ दिसतच नाहीत. ही तक्रार वाचल्यावर मी चित्रपट पुन्हा पाहिला, आणि मग ते दिसल्यावाचून राहीना. ‘आय शॅल बी रिलीज्ड’ या गाण्यासाठी सगळे पाहुणे रंगमंचावर गर्दी करून उभे असतात. हे गाणे मूळ मॅन्युएल यांच्या उंच, कापऱ्या आवाजाने ओळखले जाते, आणि इथेही तो आवाज त्या घोळक्यातून स्पष्ट येतो. पण गाणारा माणूस शोधूनही सापडत नाही, तो पियानोमागे आणि पाहुण्यांमागे बुडून गेलेला असतो.

रॉबर्टसन यांची बाजूही आहे, आणि ती मला अलीकडे अधिक कळते. बहुतेक गाणी त्यांच्या नावावर होती, हिशेब आणि करारमदार ते पाहत होते, आणि गटातल्या काहींची व्यसने कोणत्या थराला गेली होती हे ते रोज पाहत होते. कोणीतरी थांबा म्हणायलाच हवे होते, असे त्यांना वाटले असेल. चित्रपटात ते थांबणे इतके देखणे झाले आहे, की तो सगळ्यांनी मिळून घेतलेला निरोप होता असे पाहणारा धरून चालतो. झुंबरांच्या उजेडात कोणाचाही निरोप एकमताचा वाटतो.

आमच्याकडे 1994 च्या गणेशोत्सवात जे झाले ते सांगायला झुंबरे नाहीत. अकरा वर्षे आम्ही सीमाभागभर फिरलो होतो: निपाणी, संकेश्वर, खानापूर, बैलहोंगल, कधी चोर्ला घाट उतरून गोव्यात. मॅटाडोरमध्ये वर सामान, खाली आम्ही. ध्वनिक्षेपकाचा परवाना कन्नडमध्ये, वर्गणीची पावती मराठीत आणि फर्माईशीच्या चिठ्ठ्या दोन्हींत. मराठी भावगीतापाठोपाठ डॉ. राजकुमार यांचे गाणे आले नाही तर काही गावांत मांडव सोडता येत नसे, आणि गाणाऱ्यालाही त्यात वावगे वाटत नसे. त्या वर्षी शहापुरातल्या एका गल्लीत कार्यक्रम होता. अकरा वर्षांत कधीही न बोलावलेला शूटिंगवाला त्या दिवशी आला, तेव्हाच खरे तर आम्हाला कळायला हवे होते. मंडळाने बोलावला असेल असे आम्ही समजलो. मध्यंतरानंतर, दोन गाण्यांच्या मध्ये, मास्तरांनी माइकवर सांगितले की आपली हुबळीला बदली झाली आहे आणि हा आमच्या वाद्यवृंदाचा शेवटचा कार्यक्रम आहे. मांडवात टाळ्या झाल्या, नंतर हळहळ झाली, मग पुन्हा टाळ्या झाल्या. मामा त्या वेळी पान्याने कोंगोचे चामडे आवळत होते. त्यांचा हात पान्यावर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी अंकलकडे पाहिले, आणि मास्तरांनी पुढच्या गाण्याची पट्टी सांगितली. आम्ही वाजवले. वाजवण्याखेरीज त्या क्षणी दुसरे करण्यासारखे होते तरी काय?

मास्तरांवर माझा राग नाही. ते पोटासाठी गेले, आणि जाताना जे अकरा वर्षे उभे केले त्याचे एक चित्र बरोबर न्यावे असे त्यांना वाटले असेल. फक्त आम्हाला आधी सांगितले असते तर मामांनी केस विंचरले असते.

चित्रपटात सगळे संपल्यानंतरचे एक दृश्य आहे, आणि माझ्या लेखी चित्रपटाचा गाभा तेच आहे. मालिबूच्या स्टुडिओत स्कॉर्सेसी डँको यांना विचारतात की आता पुढे काय. डँको थोडे हसतात, स्वतःला कामात गुंतवून ठेवतो आहे असे काहीसे बोलतात, आणि आपले एक नवे गाणे लावतात. मग मान खाली घालून ते ऐकत बसतात. कॅमेरा थोडा वेळ तिथेच थांबतो. निरोपाविषयी रॉबर्टसन यांनी केलेली सगळी सुंदर भाषणे एका बाजूला आणि ही खाली घातलेली मान दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मला ही मान जड वाटते. आणि स्कॉर्सेसी यांना ते कळले असणार, म्हणूनच त्यांनी ते कापले नाही. चित्रपट अखेर रिकाम्या स्टुडिओत वॉल्ट्झ वाजवणाऱ्या पाच जणांपासून मागे मागे सरकत जातो.

गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन मी वडगावला मामांकडे गेलो. वय अठ्ठ्याहत्तर, कान जरा मंद, बोटे शाबूत. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू होता, त्यामुळे मोठ्या आवाजाची ती पाटी आम्ही अक्षरशः पाळली. मामांना इंग्रजी येत नाही आणि पाहुण्यांपैकी एकालाही ते ओळखत नव्हते. रॉबर्टसन यांच्या मुलाखती लागल्या की ते चहाकडे वळत. हेल्म दिसले तेव्हा मात्र पुढे सरकून बसले.

“गात गात वाजवूलालाय की रे हा!” ते म्हणाले, आणि खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे चालू झाली. हेल्म मान एका बाजूला वळवून माइकमध्ये गातात, खांदे वर उचललेले, आणि हात आपल्या कामात अजिबात चुकत नाहीत. हे सोपे नाही, हे मला मामांच्या बोटांकडे पाहून पुन्हा कळले.

चित्रपट संपल्यावर त्यांनी विचारले, “मग पुढं काय केलं ह्यांनी?”

मी सांगितले. 1983 साली रॉबर्टसन यांना सोडून बाकीचे पुन्हा एकत्र आले आणि लहान-मोठ्या ठिकाणी वाजवू लागले. 1986 मध्ये अशाच एका दौऱ्यात, फ्लोरिडातल्या कार्यक्रमानंतर, मॅन्युएल यांनी स्वतःचे जीवन संपवले. डँको 1999 मध्ये गेले. हेल्म यांना घशाचा कर्करोग झाला, आवाज गेला, नंतर थोडा थोडा परत आला, आणि मग वुडस्टॉकमधल्या आपल्या घराच्या कोठारात ते रात्रीच्या मैफली भरवू लागले. लोक तिथे घरी जेवायला यावे तसे येत. 2012 मध्ये तेही गेले. रॉबर्टसन 2023 मध्ये आणि आता हडसन.

मामांनी यातले मरणाचे सगळे बाजूला ठेवले.

“म्हणजे तो एक सोडून बाकीचे परत जमले?”

“होय.”

“मग आपण का जमलो नाही रे? मास्तर हुबळीला गेले. आपण बाकीचे इथंच होतो की.”

मला काही सुचले नाही. अंकल असते तर कदाचित त्यांना सुचले असते. शेजारचा माग खटाखट चालूच होता. मामांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग लॅपटॉपकडे बोट करून ड्रमवाल्याचे ते गाणे परत लाव म्हणाले, आणि आवाज अजून वाढव.